पाढे मोठ्यानं म्हणा

खडकदरा, ता. पाटोदा
११ जुलै २०२५

ती. राधाकिशनमामांना,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल आणि मग तुम्ही शुद्धलेखनाच्या चुका काढायला बसाल. काढा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, कानातलं मशीन तुम्ही डब्यात ठेवून देता, आणि मामीला मध्ये घालून बोलावं असं हे नाही. म्हणून लिहिते आहे.

गेल्या शुक्रवारी आमच्या गावात जे झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. किरकोळ वादातून तरुणाला मारहाण, एवढंच आलंय. तो तरुण म्हणजे समाधान, बुद्धवस्तीतला. पाटोद्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला जातो. स्टँडजवळच्या पारावर पाय पसरून बसलेला स्वतःचा फोटो त्यानं स्टेटसला ठेवला होता. पारावर कोणी बसायचं आणि कसं बसायचं हे आपणच ठरवतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो काढायला सांगितला. त्यानं काढला नाही. शुक्रवारी सकाळी तो गाडीला उभा असताना त्याला पाइपांनी मारलं. हात मोडला, पाय मोडला. बीडला दवाखान्यात आहे.

मामा, आमची शाळा स्टँडच्या अगदी समोर. मी सातवीच्या वर्गावर होते. बाहेर आरडाओरडा झाला तशी मुलं उठून खिडकीशी गेली. मीही गेले. क्षणभर पाहिलं आणि खिडक्या लावून घेतल्या. मुलांना बसवलं आणि पाढे म्हणायला लावले. मोठ्यानं म्हणा म्हटलं, म्हणजे बाहेरचा आवाज आत येणार नाही. मुलं म्हणत राहिली. पहिल्या बाकावरची पंचशीला सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होती, डोळे गच्च मिटून, मानेच्या शिरा ताणून. मला वाटलं, हिनं तरी माझं ऐकलं.

पंचशीला ही समाधानची सख्खी बहीण. बाहेर कोण पडलंय हे मला ठाऊक नव्हतं. तिला होतं. तिनं आवाज ओळखला होता आणि तरी मी सांगितलं म्हणून ती पाढे म्हणत होती. हे मला दुपारी कळलं, तेव्हा ती घरी गेलेली होती.

वस्तीतलं एकही मूल तेव्हापासून शाळेत आलेलं नाही. बाकीची येतात. काही एकदम गप्प, काही नको इतका दंगा करणारी. आमचे मुख्याध्यापक शहादेव सर म्हणतात की विषय काढू नका, शिकवत राहा, लेकरं आठ दिवसांत विसरतात. तुम्ही जन्मभर शाळा चालवल्यात. मी काय करू ते सांगा.

तुमच्या तानाजीला विचारलं म्हणून सांगा. त्याचं जेसीबी हल्ली आमच्या भागात कामाला असतं असं ऐकते, पण बहिणीकडे चहाला काही तो फिरकत नाही. मामीच्या गुडघ्यांना तेल लावून द्या, नुसतं विचारू नका. माझ्यावर माया आहे ती राहू द्या.

तुमची,
तेजश्री


घाटनांदूर
१७ जुलै

चि. तेजश्रीस,
मामाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. चुका होत्या, पण या खेपेला लाल पेन हातात घेतला नाही.

शहादेव सरांना मी ओळखत नाही, पण त्यांच्यासारखे पुष्कळ पाहिले. मुलं विसरतात असं ते म्हणतात ना? मुलं मास्तरांसमोर बोलायची बंद होतात आणि मास्तरांना वाटतं विसरली. तू तसं समजू नकोस. वस्तीत जा. एकटी जा, पायी जा. बरोबर कोणी फोटो काढणारा नको. शाळेत का येत नाही हे विचारू नकोस, कोणत्या रस्त्याची भीती वाटते ते विचार. मग दुसरा रस्ता शोध आणि त्या रस्त्यानं त्यांना स्वतः घेऊन ये. वर्गात आल्यावर कोणाला उभं करून बोलायला लावू नकोस. ज्याला खिडकीजवळ बसायचं नाही त्याला नको म्हणू दे, ज्याला दाराजवळ बसायचंय त्याला बसू दे. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न जाता अंगणात बस. तिथं बसलीस की बाकीचं आपोआप तुझ्यापर्यंत येईल.

आणखी एक. ज्यांच्या घरी पाइप होते त्यांचीही लेकरं तुझ्याच वर्गात असणार. ती तुझीच आहेत. त्यांच्या घरीसुद्धा सध्या धड जेवण होत नसेल.

आता दुसरं. क्षणभर पाहिलं असं तू लिहिलंस. काय पाहिलंस ते लिहिलं नाहीस. पोलीस येऊन गेलेच असतील, त्यांना काय सांगितलंस तेही नाही. अर्धी उत्तरं तपासण्यात माझा जन्म गेला बाई. उरलेलं उत्तर लिही.

घरी ठीक. तुझ्या मामीनं तानाजीसाठी केजकडचं एक स्थळ काढलंय. मुलगी बारावी झालेली आहे आणि तिला याच्यापेक्षा जास्त अक्कल दिसते, म्हणजे मामीच्या मते स्थळ बाद आणि माझ्या मते पसंत. पोरगा फटकळ आहे, मित्रांत जास्त रमतो, पण मनानं वाईट नाही. जेसीबीचे हप्ते स्वतः भरतो. चहाला येईल, कान उपटतो त्याचे.

तब्येतीला जप. पत्राची वाट पाहतो.

राधाकिशन


खडकदरा
२६ जुलै

ती. मामांना,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

उरलेलं उत्तर लिहायला बरेच दिवस घेतले. आधी शाळेचं सांगते, ते सोपं आहे.

मी वस्तीत गेले. सरूबाई, म्हणजे पंचशीलाची आई, दारातच बसली होती. तिनं मला बस म्हटलं नाही. मी जमिनीवर बसले. ती म्हणाली की मॅडम, तुमी खिडकी लावताना आमच्या मानसांनी बघितलं, माज्या लेकाला वाटलं आता शाळेतून कुनीतरी भाईर येईल. मामा, तुम्ही सांगितलेलं सगळं मी मनात घोकून गेले होते, त्यातलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. पंचशीला आत होती. बाहेर आली, मला पाहिलं, परत आत गेली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तेव्हा रस्त्याचं विचारलं. स्टँडवरून यायचं नाही, एवढंच लहान मुलं म्हणाली.

शाळेच्या मागची भिंत बोअरजवळ पडलेली आहे. तिथून ओढ्याच्या कडेनं वस्तीत जायची पायवाट निघते. शहादेव सर आधी नको म्हणाले. शाळेत राजकारण आणू नका, मला इथं अजून नोकरी करायचीय, असं म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिथल्या बोरीच्या काट्या काढून टाकलेल्या होत्या. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. आता रोज सकाळी मी ओढ्यापर्यंत जाते आणि मुलांना घेऊन येते. पंचशीलाही येते. बोलत नाही. कुणाशीच नाही. पहिला बाक सोडून ती दाराजवळ बसते. मी बसू देते.

तिच्या शेजारी बसायची विजयमाला. दोघींचा डबा एक असायचा. विजयमालाचा बाप हनुमान याला सरूबाईच्या तक्रारीवरून पकडलंय, आणखी दोघांना पकडलंय. विजयमाला आता खिचडी घेत नाही. पोटात दुखतं म्हणते. काही मोठी मुलं तिला तुजा बाप वाघ हाय म्हणतात, तेव्हा ती नळाशी जाऊन उगाच हात धूत बसते.

आता उरलेलं. त्या क्षणभरात मी हनुमानला पाहिलं होतं. हातात पाइप, आणि पायाशी जमिनीवर कोणीतरी पडलेलं. पोलीस आले तेव्हा शहादेव सरांनी सगळ्या स्टाफला सांगितलं की आपण वर्गात होतो, खिडक्या बंद होत्या. मी तसाच जबाब दिला. खिडक्या बंद होत्या हे खरं होतं म्हणून माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. गावात कोणीच काही पाहिलेलं नाही, मामा. भरल्या स्टँडवर. सरूबाईकडे जाताना माझ्या पायांत हे होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

एवढ्यावर पत्र संपवलं असतं तर बरं झालं असतं.

मधल्या सुट्टीत मी अंगणात बसते. तिसरी-चौथीची मुलं हल्ली एक खेळ खेळतात. एक जण आडवा पडतो. बाकीचे लिंबाच्या फोकांनी मारल्यासारखं करतात. एक जण पाटीचा तुकडा मोबाइलसारखा धरून उभा असतो आणि अजून दे बे असं म्हणत असतो. त्याच मुलाचं काम सगळ्यांना हवं असतं, त्यासाठी भांडणं होतात. मी खेळ थांबवला आणि हे कुठून आणलं विचारलं. व्हिडिओत हाय म्हणाले. गावातल्या प्रत्येक फोनमध्ये तो व्हिडिओ आहे, लहान पोरांनी तो जेवताना पाहिलाय. मारणाऱ्यांच्या पाठी दिसतात, तोंडं दिसत नाहीत. ज्यानं शूटिंग केलं त्याच्याकडे पूर्ण व्हिडिओ असणार असं पोलीस म्हणतात, पण तो कोण हे कळलेलं नाही.

मी तो पाहिला. आवाज ऐकला. बे म्हणण्याआधी तो जरा थांबतो आणि नाकातून हसतो. लहानपणी आपल्या शेतातल्या विहिरीवर मला पोहायला शिकवताना जो हसायचा तोच.

मामा, त्या शुक्रवारी तानाजी कुठे होता? माझी चूक असेल तर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, मी पाया पडेन. कोणाला काही बोललेले नाही. लोभ कमी करू नका.

तेजश्री


घाटनांदूर
१ आगष्ट

चि. तेजूबाईस,
सुंदरमामीचा आशिर्वाद.

मी चवथीपर्यंत शिकलेली हाय, तवा अक्षराला हसू नको. तुजं पत्र आलं तवापासून तुजे मामा कुनाशी बोलत न्हाईत. जेवायला बसत्यात आन भाकर तशीच ठिवून उठत्यात. शेजारच्या पोराकडून त्येनी त्यो व्हिडीओ मिळवला. त्येस्नी ऐकू येत न्हाई. मोबाईल माज्या हातात दिला आन म्हनले, ऐक, कुनाचा आवाज हाय. मी ऐकला. मला न्हाई वळखू आला, आसं मी म्हनले. लबाड बोलले मी. नऊ म्हैने पोटात वागवलेल्याचा आवाज मला वळखू येनार न्हाई व्हय.

तेजू, त्येनं हात न्हाई लावला कुनाला. नुसता मोबाईल धरला. मोबाईल धरला म्हून कुनाला फाशी देत्यात का. दोस्तांनी बोलावलं, गेलतो म्हनतो. आता केजची मान्सं बघायला येनार हायत. तू त्येचं नाव कावून घेतीस. त्येला तू भाऊ म्हनून राखी बांधतीस. पुडच्या शनवारी राखी हाय, ये. तुला पुरनाच्या पोळ्या करते. समदं मिटंल. त्या पोराच्या आईला म्हनावं दवाखान्याला काय लागलं तर आमी देतू.

हे लिव्हताना मला लई लाज वाटती. मी बी आई हाय, ती बी आई हाय. पन माजं लेकरू माजं हाय. मामाला सांगू नको मी लिव्हलं ते.

सुंदरबाई


खडकदरा
५ ऑगस्ट

ती. मामा आणि ती. मामींना,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांना मिळून लिहिते आहे. मामी, तुम्ही रागवाल, पण तुमचं पत्र मी लपवू शकत नाही. या गावात सगळ्यांनी मिळून इतकं लपवलंय की आणखी लपवायला माझ्यात जागा नाही. मला तुमचा राग नाही आला. तुमच्या जागी मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

काल वर्गात काय झालं ते सांगते. मी फळ्यावर गणित लिहीत होते. मागून आवाज आला. पंचशीलाचा, महिन्यानं पहिल्यांदा. तिनं विचारलं, मॅडम, तुमी खिडकी कावून लावली. ओरडून नाही, रागानंही नाही. गणित समजलं नाही की विचारते तसं विचारलं. तुमच्यासाठी लावली, लहान मुलांनी असलं पाहू नये म्हणून लावली, अशी उत्तरं तोंडाशी आली. ती थोडी खरीसुद्धा आहेत. मी म्हटलं, मी घाबरले म्हणून. बाहेर जायला हवं होतं, निदान ओरडायला हवं होतं, ते केलं नाही. पोलिसांशीही खोटं बोलले, त्याची लाज वाटते. फळ्याकडे पाठ करून हे बोलता येईना म्हणून त्यांच्यात बाकावर जाऊन बसले.

मग एकजण म्हणाला की त्याला लघवी झाली होती त्या दिवशी, पाढे म्हणता म्हणता. कोणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली की तिला आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका आपटला तरी धडधडतं. कोणी म्हणालं, मी झोपेत दात खातो, आजी उठवते. आणि विजयमाला रडत रडत म्हणाली की त्या दिवशी तिचा बाप घरी आला, नळावर हात धुतले, जेवायला बसला आणि तिला जवळ बोलावून विचारलं, आज शाळेत काय शिकवलं. ती म्हणाली, पाढे.

पंचशीला तिच्याकडे बघत होती. तिच्याजवळ गेली नाही, आणि जावं असं मीही सुचवलं नाही. पण दाराजवळच्या बाकावरून उठूनही गेली नाही.

मी सोमवारी पाटोद्याला ठाण्यात जाणार आहे. पहिला जबाब खोटा होता हे सांगणार आहे आणि हनुमानचं नाव सांगणार आहे. विजयमालाला मी हे आधी सांगितलं. तिनं मान हलवली, होकाराची की कशाची ते कळलं नाही. आवाज कोणाचा, असं विचारलं तर तेही सांगणार आहे. तुम्हाला पोलिसांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून आजच लिहिते.

राखीला येत नाही. त्याच्या हाताला हात लावणं आत्ता माझ्याच्यानं होणार नाही. मला दूर करू नका, एवढंच मागते.

तेजश्री


घाटनांदूर
१४ ऑगस्ट

चि. तेजश्रीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. सोमवारी तुझ्याआधी मी ठाण्यात होतो हे तुला तिथं कळलंच असेल. तू आत आलीस तेव्हा मी तोंड फिरवून बसलो होतो. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. कसं झालं ते आता लिहितो.

तो व्हिडिओ मी बिनआवाजाचाच पाहिला. मला फक्त पाठी दिसल्या आणि वर-खाली होणारे हात दिसले. मग मी मोबाइल तुझ्या मामीच्या हातात दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसलो. ती नाही म्हणाली. तिचा चेहरा हो म्हणाला. बहिऱ्या माणसाला चेहरे वाचता येतात बाई, तरीही मी तिच्या नाहीवर आठ-दहा दिवस विश्वास ठेवून राहिलो. तुझ्या पहिल्या पत्राला काय थाटात उत्तर लिहिलं होतं मी. दुसऱ्यांच्या लेकरांना कसं सांभाळायचं ते लिहीत होतो, तेव्हा ते पोरगं पलीकडच्या खोलीत मोबाइल बघत हसत होतं. तो काय बघून हसतोय ते मी विचारलंही नव्हतं.

तुझं शुक्रवारचं पत्र वाचल्यावर तानाजीला समोर बसवलं, कानात मशीन घातलं. तो म्हणाला, मी मारलं न्हाई, शूटिंग केलं. मी विचारलं, अजून दे बे असं कोण म्हणालं. मग माझ्या कानाशी तोंड आणून सांगायला लागला, की आप्पा, तिथं उभं असलं की तसं म्हनावं लागतं, समदे म्हनत्यात, न्हाई म्हनलं तर आपलीच गंमत करत्यात. मी त्याला त्या पोराचं नाव विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

मशीनमधून प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. शाळेत मी हजारो मुलांना चूक कबूल करायला लावली असेल. माझ्या घरातल्याला आपण काही चूक केलीय हेच कळलेलं नव्हतं.

त्याचा फोन मागितला तर हरवला म्हणाला. आणि तेव्हा तुझी मामी उठली. ती आत गेली, ज्वारीच्या कोठीत हात घातला आणि फोन काढून आणून माझ्यासमोर ठेवला. तिनंच लपवला होता. ती म्हणाली की न्या, मला आता त्यो घरात नको. रडली नाही. भाकरी करायला बसली आणि आम्हा दोघांना डबा बांधून दिला. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी त्याला पाटोद्याला नेलं. सगळ्या रस्त्यात तो माझ्याशी बोलला नाही आणि पळालाही नाही. पूर्ण व्हिडिओत तोंडं दिसतात म्हणे. मी पाहिला नाही.

केजची माणसं येणार होती ती आली नाहीत. गावात लोक माझ्या दारावरून जाताना आवाज कमी करतात, बहुतेक मला ऐकू येत नाही हे विसरून.

एक काम कर. सरूबाईंना विचार, मी त्यांच्या दारात येऊन गेलो तर चालेल का. पाया पडायला येतो म्हणून सांग. माझ्या वयाकडे पाहू नका म्हणावं.

आशीर्वाद द्यायची माझी लायकी उरली आहे का ठाऊक नाही. जुन्या सवयीनं वर लिहिला.

राधाकिशन


खडकदरा
२४ ऑगस्ट

ती. मामांना,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

ठाण्यात तुम्ही तोंड फिरवलं होतं, मी तुमच्या टोपीवरून ओळखलं. मीही हाक मारली नाही. दोघांनी एकमेकांना तेवढं तरी दिलं असं समजा.

सरूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की त्येस्नी येऊ नका म्हनावं. म्हाताऱ्या मानसानं पाय धरले की मला उठा म्हनावं लागंल, आन मी उठा म्हनले की गाव म्हनंल मिटलं. मला मिटवायचं न्हाई. कोर्टात काय व्हायचं ते व्हऊ द्या. पोलिसाकडं गेले ते बरं केलं, एवढं सांगा. मामा, त्या कडू बोलल्या नाहीत. पण नाही म्हणाल्या.

पंधरा ऑगस्टचं ऐका. पुढाऱ्यांच्या हस्ते झेंडावंदन होतं. शहादेव सरांच्या डोक्यात आलं की पंचशीला आणि विजयमालानं हातात हात घालून एकोप्यावर भाषण करावं, पेपरात फोटो येईल, शाळेचं नाव निघेल. भाषण त्यांनी लिहूनही आणलं होतं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मॅडम, तुमच्यामुळं गाव आधीच शाळेवर चिडलंय, एक फोटो निघाला तर काय बिघडतं. मग त्यांनी परस्पर पंचशीलाला विचारलं. ती म्हणाली, सर, हात मला तिचा धरायचा आसंल तवा धरीन. सर ओशाळले. दुपारी त्यांनी स्वतःहून मला विचारलं की बीडहून मुलांशी बोलणारी एखादी समुपदेशक बाई बोलावता येईल का. आता ती दर बुधवारी आणि शनिवारी येते. वर्गाबाहेर लिंबाखाली बसते आणि ज्याला वाटेल तो जातो. पहिल्या दिवशी कोणी गेलं नाही. दुसऱ्या खेपेला सगळ्यांत आधी शहादेव सरच जाऊन बसले, ते बघून मुलं गेली. मागच्या भिंतीला आता त्यांनी फाटक बसवून घेतलंय.

विजयमाला माझ्या जबाबानंतर शाळेत यायची थांबली. मी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, नवऱ्याला आत घातलंत, आता लेकीला न्यायला आलात का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तिनं दार लोटून घेतलं. मी ओट्यावर बसून राहिले. थोड्या वेळानं पोरगी दप्तर घेऊन बाहेर आली, आईनंच वेणी घालून पाठवलं होतं. ती माझ्या मागून चालत आली, बरोबर नाही. वर्गात दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसतात. खिचडी मात्र आता खाते.

माझ्या घरमालकिणीनं खोली सोडायला सांगितलीय. दुधवाला माझ्या दारात थांबत नाही. वस्तीत एक खोली आहे, पण सरूबाई म्हणाल्या की आमच्यात राहून आमच्यावर उपकार करू नका, पाटोद्याहून ये-जा करा. म्हणून पाटोद्याला खोली बघितली. लोकांना वाटतं मी फार धाडस केलं. मला वाटतं, महिनाभर उशीर केला.

मामींना सांगा, त्या कोठीपाशी उठून गेल्या ते मी कितीदा तरी डोळ्यांसमोर आणते. जेवत जा दोघंही.

तेजश्री


घाटनांदूर
२८ सप्टेंबर

चि. तेजश्रीस,
मामाकडून.

सरूबाईंचा निरोप वाचला. त्या बरोबर बोलल्या. मला माझ्या पाठीवरचं ओझं त्यांच्या दारात नेऊन उतरवायचं होतं, ते त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. जाणार नाही.

तानाजीला जामीन मिळाला. हनुमान आणि बाकीचे आतच आहेत. हा आठ दिवसांपूर्वी सुटला. बस नाही केली, रिक्षा नाही. पाच-सात गाड्या घेऊन त्याचे दोस्त गेले होते. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, पुढे डीजे. मला डीजे ऐकू आला नाही, पण ओट्याची फरशी पायाखाली थरथरायला लागली म्हणून बाहेर आलो. पोरं नाचत होती. एकजण मोबाइल धरून शूटिंग करत होता.

मी दारात उभा राहिलो. आत येताना तानाजी माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. सगळ्यांसमोर सांगितलं की हे हार बाहेर काढ, तोंड धू, मग घरात ये. पोरांना म्हटलं, जा आपापल्या घरी. एक-दोघे कुरकुरले, त्यांतला एक माझाच विद्यार्थी. त्यानं मात्र खाली बघितलं. डीजे बंद झाला असावा, फरशी शांत झाली. तानाजीनं हार काढले आणि त्यांचं काय करावं ते न कळून हातात धरून ओट्यावर बसून राहिला. सगळे गेले. तुझ्या मामीनं पाण्याची बादली आणून त्याच्यासमोर ठेवली आणि आत गेली. जेवायला मात्र तिनंच वाढलं. मी त्याच्या पंक्तीला बसलो नाही. अजून बसत नाही.

त्यानंतर तो घरातच आहे. दोस्त बोलवायला येतात, हा जात नाही. लाजेनं की भीतीनं, मला सांगता येत नाही, आणि चांगलं मानून घ्यायची घाई मी करणार नाही. एकदा केली होती.

आज सकाळी मी पेपर वाचत होतो. तो जवळ येऊन बसला. मी कानात मशीन घालेपर्यंत थांबला. मग म्हणाला, आप्पा, त्या समाधानचा हात जुळला का. नाव घेऊन विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, हात मोडला, पाय मोडला, बीडला आहे. त्यानंतर मी तुला चार शहाण्या गोष्टी लिहिल्या, माझी लाज लिहिली, त्याच्या आईच्या पाया पडायची परवानगी मागितली. तो पोरगा कसा आहे, चालतो का, मोबाइल दुरुस्त करायची बोटं हलतात का, हे एकदाही विचारलं नाही. मला माहीत नाही, असं मी तानाजीला सांगितलं.

त्यांना त्रास न देता कळवता आलं तर कळव. त्याचा हात कसा आहे?

राधाकिशन